या चुका टाळा: पथ्य पाळूनही बीपी का उतरत नाही?

बीपीच्या पेशंटला मिठाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मी वरून मीठ घेतच नाही.’ ते खरंही असतं. पण ताटात वरून पडणारं मीठ तसं किरकोळ. आमटी-भाजीत, कणकेत, भातात पडतं त्याचा हिशोब कोण ठेवतं? शिवाय लोणचं, पापड आणि चार वाजताच्या चहासोबतची खारी.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. हे सगळं धरून. आता ग्रॅम मोजत कोणी स्वयंपाक करत नाही, म्हणून सोपी युक्ती: मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. घरात चार माणसं असतील तर ती 50 दिवस तरी पुरायला हवी. महिन्यातच संपली, तर रोज माणशी 8 ग्रॅमहून जास्त खर्च झालं. विकतचं फरसाण, बेकरी आणि हॉटेल त्यात धरलेलंच नाही.

‘त्यांची भाजी वेगळी काढते’

पथ्य मोडतं ते बहुतेक इथेच. एका पातेल्यातून पेशंटची अळणी भाजी वेगळी काढायची, हे पंधरा दिवस नेटाने चालतं. मग एखाद्या दिवशी घाई होते, घरात पाहुणे येतात, आणि बेत संपतो. पेशंट स्वतः स्वयंपाक करणारी बाई असेल तर तेवढंही होत नाही. नवऱ्याचं बीपी वाढलं की घरभर पथ्य, तिचं वाढलं की ‘गोळी घेतेस ना?’ याला पेशंटची जिद्द कमी पडली असं म्हणणं मला पटत नाही.

त्यापेक्षा सगळ्यांचंच मीठ दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करा. एकदम निम्मं केलंत तर ताटावरून भांडण ठरलेलं. हळूहळू केलं तर काही आठवड्यांत जीभ सरावते. तोवर लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड हाताशी ठेवा.

सैंधव घेतलं की सुटलो, असंही नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. एकादशीची साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स त्यामुळे पथ्याचे होत नाहीत. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

आकडा आणि गोळी

‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नसेल’ यात काही अर्थ नाही. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारेही खूप. अहो, तो गोळीमुळेच आला ना!

आणि मोजता कसं? जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून, शेजाऱ्याशी गप्पा मारत मोजलेला आकडा वाढीवच दिसणार. मग ‘एवढं करून काय उपयोग’ म्हणून पथ्य सुटतं. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असू द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा आणि उघड्या दंडावर पट्टा बांधा. हात छातीच्या उंचीला टेकलेला हवा.

चालणं आणि गुडघे

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालावं असं सांगतात. जूनमध्ये पाऊस लागला की हे चालणं बंद पडतं ते दिवाळीपर्यंत. सलग पाऊण तासाचा हट्ट सोडा. गॅलरीत, पार्किंगमध्ये दहा-दहा मिनिटंही चालतील.

खरा घोळ पुढे आहे. चालायला लागल्यावर गुडघे दुखतात, माणूस मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो, आणि या गोळ्यांनी बीपी वाढतं. चालूनही आकडा वर! सर्दीच्या काही गोळ्यांचं आणि रोज भरपूर घेतलेल्या ज्येष्ठमधाचंही तेच. हे ‘औषध’ वाटत नसल्याने डॉक्टरांना कोणी सांगत नाही. पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, चूर्णं आणि काढ्याची बाटली एका पिशवीत घालून घेऊन जा.