विकसनशील देशातील वीजप्रकल्पात गुंतवणूक करण्यापूर्वी काय तपासावे

वीजप्रकल्पांचे बहुतेक अहवाल ऊन किती पडते आणि वारा किती वाहतो इथून सुरू होतात. गुंतवणूकदाराने मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी: तयार झालेली वीज कोण घेणार, आणि तिचे पैसे तो कुठून देणार?

खरेदीदार बहुधा सरकारी वितरण कंपनी असते. तिच्या नफ्यातोट्याआधी वीजहानीचा आकडा पाहावा. विकत घेतलेल्या १०० युनिटांपैकी २० गळतीत व चोरीत गेली आणि उरलेल्या ८० युनिटांच्या बिलांची वसुली ९० टक्केच झाली, तर पैसे येतात ते ७२ युनिटांचे. ही तूट दरवाढीतून किंवा अनुदानातून भरून निघाली नाही, तर अखेरीस ती उत्पादकाची थकबाकी होते. त्यामुळे आधीपासून वीज विकणाऱ्या कंपन्यांना त्यांची बिले किती महिन्यांनी चुकती होतात हे थेट विचारावे. नियामक आयोगाचे मागील काही वर्षांचे दरनिश्चितीचे आदेशही वाचावेत. निवडणुकीच्या वर्षात दरवाढ रोखून धरली गेली असेल, तर ती पुन्हाही रोखली जाईल असे गृहीत धरावे.

मग वीज खरेदी करार हाती घ्यावा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराने पैसे थकवल्यास बँकेने ते देण्याची हमी, किती महिन्यांच्या बिलाचे आहे, सरकारची हमी आहे का आणि वाद कोणत्या देशातील लवादापुढे जाईल, हे दराइतकेच महत्त्वाचे आहे. उत्पादकाला अति सोयीचा करार हाही एक धोकाच असतो. घानामध्ये २०१९ साली कमाल मागणी सुमारे २,७०० मेगावॉट असताना स्थापित क्षमता ५,००० मेगावॉटच्या वर गेली होती. ‘वीज घ्या अथवा पैसे मोजा’ अशा करारांमुळे न वापरलेल्या विजेपोटी सरकारवर वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक बोजा पडत होता, आणि त्याच वर्षी सरकारने या करारांच्या फेरवाटाघाटी जाहीर केल्या. तेव्हा देशाची मागणी आणि आधीच करारबद्ध झालेली क्षमता यांची बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहावी.

प्रकल्पातील वीज वाहून नेणारी पारेषण वाहिनी कोण बांधणार, हा प्रश्न हमखास मागे पडतो. केनियातील लेक तुर्काना पवनप्रकल्पाच्या ३६५ पवनचक्क्या, म्हणजे ३१० मेगावॉट क्षमता, २०१७ मध्येच उभ्या होत्या. परंतु चारशे किलोमीटरहून लांब असलेली सरकारी वाहिनी भूसंपादनातील अडचणी आणि ठेकेदाराची दिवाळखोरी यांमुळे रखडली आणि वीज देशाच्या ग्रिडमध्ये गेली ती २०१८ च्या उत्तरार्धात. करारात विलंबाच्या भरपाईची तरतूद होती, म्हणून गुंतवणूकदार तरले. असे मानीव वीजनिर्मितीचे कलम, म्हणजे वाहिनीअभावी न विकता आलेली वीजही विकली गेली असे धरून पैसे देण्याची अट, नसेल, तर वाहिनी पूर्ण होईपर्यंतचे व्याज आपल्याच खिशातून जाईल.

कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न स्थानिक चलनात असल्यास विजेचा दर विनिमय दराशी जोडलेला असावा. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तने पौंडाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा काही आठवड्यांतच त्याचे मूल्य जवळपास निम्म्यावर आले. अर्थात विनिमय दराशी जोडलेला दर ग्राहकाला परवडेल का, हे पुन्हा वितरण कंपनीच्या वसुलीवरच ठरते.

ऊन-वाऱ्याचा अभ्यास यानंतर. त्यातील सरासरी अंदाजावर कर्जाचे हप्ते बांधू नयेत. दहापैकी नऊ वर्षे जेवढी निर्मिती हमखास होईल, तो आकडा धरावा. जमिनीचे हक्क, वाहिनीची जोडणी आणि हमीपत्र कागदावर आल्याशिवाय गुंतवणुकीचा पहिला हप्ताही सोडू नये.