जुन्या फोटोतली अमेरिकन मोटार ओळखायची कशी

आपल्या विदर्भात मालगुजाराचा वाडा असो, देशमुखाचा असो की कापसाच्या व्यापाऱ्याचं घर, ट्रंकेच्या तळाशी एक तरी फोटो निघतोच ज्यात आजोबा फेटा बांधून मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असतात. अन् घरातले सगळे सांगतात "फोर्ड होती". सगळ्यांचीच फोर्ड होती बाप्पा! नीट पाहिलं तर कित्येकदा शेवरलेट नाहीतर डॉज निघते.

ओळखायचं कसं ते सांगतो, पण एक गोष्ट आधी पक्की करा, गाडीचं साल म्हणजे फोटोचं साल नव्हे. आपल्याकडे मोटार मरेपर्यंत चालवतात अन् मेल्यावर ढकलून चालवतात, त्यामुळे १९३० ची गाडी १९५५ च्या लग्नात खुशाल दिसू शकते. गाडीवरून एवढंच कळते की फोटो त्याच्या आधीचा नाही.

सुरुवात चाकापासून करा. बंडीसारखे जाड लाकडी आरे असले तर गाडी बहुतेक १९२० च्या दशकातली किंवा त्याआधीची, तारेचे बारीक आरे म्हणजे त्यानंतरची, १९२८ ते ३१ ची फोर्ड मॉडेल ए तशीच आहे, अन् पत्र्याची सपाट चाकं तिसाच्या दशकाच्या मध्यापासून सर्रास झाली. मॉडेल टी (१९०८ ते १९२७) ची तर अजून एक खूण आहे, रेडिएटरची चौकट चकाकत्या पितळेची असली तर १९१६ पर्यंतची, काळी असली तर त्यानंतरची. ब्लॅक अँड व्हाइटमध्येही पितळ चमकतेच, झूम करून पहा.

मग दिवे. बाहेर वेगळ्या खांबावर वाटीसारखे उभे दिवे म्हणजे जुनी गाडी, तिसाच्या दशकाच्या शेवटी ते मडगार्डमध्ये शिरले. दोन्हीकडे दोन-दोन असे चार दिवे दिसले तर १९५७-५८ किंवा पुढची. समोरची काच मधून दुभागलेली असेल तर साधारण पन्नासच्या आधीची, अन् मागं माशाच्या शेपटीसारखे पंख असले तर ती फॅशन १९४८ च्या कॅडिलॅक या महागड्या अमेरिकन गाडीपासून सुरू होऊन १९५९ मध्ये कळसाला पोचली. १९४६ ते ४८ च्या गाड्यांत मात्र सगळेच गोंधळतात, कारण फेब्रुवारी १९४२ पासून युद्धामुळं अमेरिकेत साध्या लोकांसाठी मोटारी बनणं बंद होतं अन् नंतर जुनेच साचे थोडे बदलून बाजारात आले.

स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही पहा. आपल्याकडच्या या अमेरिकन गाड्या बहुतेक उजव्या स्टीअरिंगच्या, जनरल मोटर्स तर १९२८ पासून मुंबईतच गाड्या जोडून विकायची. फोर्ड अन् जनरल मोटर्स दोघांनी १९५४ च्या सुमारास इथला गाशा गुंडाळला, मुंबईच्या प्रीमियर कंपनीनं डॉज-प्लायमाउथ जोडणं चालू ठेवलं. म्हणून गावातल्या फोटोत पंखवाली कॅडिलॅक दिसली तर आधी शंका घ्या, जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याची रंगवलेली मोटारही असायची, तिची सावली जमिनीवर पडत नाही. अन् स्टीअरिंग डावीकडं दिसलं तर नंबरच्या पाटीवरची अक्षरं वाचा, निगेटिव्ह उलटी छापली असेल तर तीही उलटी दिसतील.

ताडून पाहायला अमेरिकेतले फोटो लागतातच, त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर जा, फुकट आहे. १९३५ ते ४४ दरम्यान सरकारी पगारावर डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली यांनी काढलेले हजारो फोटो तिथं मोठ्या फाइलमध्ये मिळतात. टपावर गादी, बादल्या, खुर्च्या बांधून कामाच्या शोधात निघालेली कुटुंबं पाहिली की कळते ही गाडी तिथंही शेतकऱ्याचीच होती. शोधताना मॉडेलचं नाव न टाकता राज्याचं नाव अन् साल टाका, जास्त सापडते.

रेसचा फोटो असला तर मजाच. सुरुवातीच्या स्टॉक कार म्हणजे रस्त्यावरच्याच गाड्या, दारावर रंगवलेला नंबर, हेडलाइटवर टेप, दार उघडू नये म्हणून बांधलेला पट्टा, एवढं दिसलं की समजून घ्या. समुद्राची वाळू दिसली तर अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं डेटोना बीच असू शकते, तिथं १९५८ पर्यंत अर्धी शर्यत वाळूवर अन् अर्धी डांबरावर व्हायची. १९५९ मध्ये नवा ट्रॅक झाला अन् तिथल्या पहिल्याच डेटोना ५०० या शर्यतीत ली पेटी अन् जॉनी बोशाम इतके बरोबरीत आले की आधी बोशामला विजेता म्हटलं, मग फोटो अन् फिल्म तपासून तीन दिवसांनी निकाल पेटीकडं गेला. फोटो नीट पाहण्याचं महत्त्व यापेक्षा कोण सांगणार!

आता घरचा फोटो. अल्बमला चिकटला असेल तर ओढू नका, बारीक दोरा मागून आरीसारखा हळूहळू चालवा. पाणी नको, ओला कपडा तर अजिबात नको. स्कॅनर असला तर ६०० डीपीआय, नसला तर खिडकीच्या सावलीत सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद. कडासुद्धा येऊ द्या, करवतीसारखी दातेरी कडा हीही वयाची खूण आहे. लोखंडी ट्रंक उन्हाळ्यात तापते अन् पावसाळ्यात कसर, बुरशी सुरू होते, म्हणून फोटो कागदी पाकिटात घालून आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा. मागं बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा, गाडीचं साल अन् फोटोचं साल वेगवेगळं लिहा अन् खात्री नसेल तिथं "अंदाजे" टाका.