शेततळे भरण्याआधी पाण्याच्या तोंडाला जाळी बांधा

मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे आणि उन्हाळ्यात तळ गाठलेली शेततळी चिलापी (तिलापिया) व आफ्रिकन मांगूर या नको असलेल्या माशांपासून मोकळी करण्यासाठी आता थोडेच दिवस उरले आहेत. जायकवाडीच्या कालव्यांवरील कितीतरी तळ्यांत रोहू-कटल्याचे बीज सोडूनही काढणीला बोटभर चिलापीच निघालेली मी पाहिली आहे आणि तिथे पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती, किंवा गाळाने तुंबली म्हणून ती रात्री काढून टाकली होती.

पाण्याखाली आवाज सोडून नको असलेले मासे पळवणारे यंत्र कोणी विकायला आले, तर ते घेऊ नका. अमेरिकेत केंटकीमधील बार्कले धरणाच्या लॉकपाशी (बोटी धरणापलीकडे नेणाऱ्या दारापाशी) २०१९ मध्ये ध्वनी, बुडबुडे व प्रकाश यांचा अडथळा बसवला गेला, तो तिथे नको असलेल्या सिल्व्हर कार्प माशाची वाट अडवण्यासाठी. चारी बाजूंनी बंद असलेल्या तळ्यातून मासा पळून जाणार कुठे? शिवाय रोहू, कटला, मृगळ व सिल्व्हर कार्प यांच्यात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असल्याने त्यांना उत्तम ऐकू येते, तर चिलापीत ही हाडे नसतात. म्हणजे आवाजाचा त्रास आधी आपल्याच माशांना होईल. मांगूरला ऐकू येते, पण तो हवेत श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो.

तळे पूर्ण उपसून कडक उन्हात वाळू द्या. खड्ड्यात पाणी राहिलेच, तर उरलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड हेक्टरी एक मीटर खोलीस २५०० किलो, म्हणजे एका घनमीटर पाण्यास पाव किलो टाका. त्यानंतर तीन आठवडे बीज सोडू नका व जनावरांना ते पाणी पाजू नका.

पाइपाच्या तोंडाला बाहेरून जाड व आतून मच्छरदाणीइतकी बारीक अशी दुहेरी जाळी बांधा आणि मोटार चालू असेपर्यंत ती झाडायला माणूस ठेवा. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे एक मादी आत गेली तरी पुरेसे होते. पहिल्या गढूळ लोंढ्यातच चिलापीची पिल्ले जास्त येतात असा माझा अंदाज आहे, म्हणून ते पाणी वाहून जाऊ द्यावे.

इतर कामे:
- बांधाची डागडुजी
- पाण्याचा सामू (pH) तपासणी (७.५ ते ८.५)
- खात्रीच्या केंद्रातून बोटुकली (बोटाएवढे मत्स्यबीज)
- सोडण्याआधी बीजाची पिशवी तळ्यात तरंगवणे

सांडव्यालाही जाळी लावा आणि शेजारच्या नाल्यात मांगूर असेल, तर पावसाळाभर बांधावर दोन फूट उंच जाळी उभी ठेवून तिची खालची कड मातीत गाडा.