अमेरिकेत कॉलेज बदलताना खेळण्याची पात्रता कशी टिकवावी

एप्रिल २०२४ पासून एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) डिव्हिजन १ या सर्वांत वरच्या गटातला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो आणि नव्या कॉलेजकडून लगेच मैदानात उतरू शकतो. त्याआधी पदवीचं शिक्षण चालू असताना दुसऱ्यांदा कॉलेज बदललं, की सहसा वर्षभर नुसता सराव करत बसावं लागे. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने त्या अटीला स्थगिती दिली आणि काही महिन्यांत नियमच बदलला. बातमी 'आता कुठेही जा, लगेच खेळा' अशी पसरली. तिच्यातलं दुसरं वाक्य मात्र फारसं कोणी वाचलं नाही: लगेच खेळायचं असेल तर जुन्या कॉलेजातून चांगल्या शैक्षणिक स्थितीत, शिस्तभंगाची कारवाई डोक्यावर नसताना बाहेर पडलेलं असलं पाहिजे आणि नव्या कॉलेजात पदवीच्या दिशेने पुरेशी प्रगती दाखवता आली पाहिजे.

या 'पुरेशी प्रगती'पाशीच गाडी अडते. मिळवलेली क्रेडिट (प्रत्येक कोर्सला ठरलेली अभ्यासाची एककं), नव्या कॉलेजने स्वीकारलेली क्रेडिट आणि निवडलेल्या पदवीला प्रत्यक्ष लागू होणारी क्रेडिट हे तीन वेगळे आकडे असतात. कोच बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या आकड्याबद्दल बोलत असतो. पात्रता तिसऱ्यावर ठरते. खालच्या पायऱ्या तो तिसरा आकडा वेळेत हातात यावा म्हणून आहेत.

पायरी १: आपली गणना कोणत्या गटात होते ते पाहा

एनसीएए चार वर्षांच्या कॉलेजातून येणारा आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून येणारा अशा दोघांना वेगळे नियम लावते. त्यात आणखी एक फाटा आहे: शाळा संपताना तुम्ही 'क्वालिफायर' होता का? डिव्हिजन १ साठी याचा अर्थ नववी ते बारावीतल्या १६ कोअर कोर्समध्ये (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मूळ विषय) किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण), डिव्हिजन २ साठी २.२. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. हा निर्णय एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर देतं. कम्युनिटी कॉलेजात जाताना त्याची गरज पडत नाही, म्हणून अनेक जण खातंच उघडत नाहीत आणि दोन वर्षांनी 'क्वालिफायर होतो' हे सिद्ध करायला शाळेची कागदपत्रं शोधत बसतात. खातं बारावीतच उघडून निकाल लावून घ्यावा. पुढची बरीच गणितं सोपी होतात.

पायरी २: कम्युनिटी कॉलेजातून जात असाल तर

क्वालिफायर असाल तर डिव्हिजन १ साठी किमान एक पूर्णवेळ सेमिस्टर, पूर्णवेळ सेमिस्टरमागे सरासरी १२ ट्रान्सफरेबल (नवं कॉलेज स्वीकारेल अशी) क्रेडिट आणि त्यांत २.५ जीपीए लागतो. क्वालिफायर नसाल तर वाट लांब आहे: किमान तीन पूर्णवेळ सेमिस्टर, असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) पूर्ण, ४८ ट्रान्सफरेबल क्रेडिट, त्यांत इंग्रजीची ६, गणिताची ३ आणि विज्ञानाची ३, आणि जीपीए तोच २.५. व्यायाम किंवा खेळाच्या प्रात्यक्षिक कोर्सची जास्तीत जास्त २ क्रेडिट धरतात. रेमेडियल, म्हणजे कच्चा पाया भरून काढणारे, गणित-इंग्रजीचे कोर्स साधारणपणे ट्रान्सफर होत नाहीत, त्यामुळे पहिलं सेमिस्टर त्यांनीच भरलं तर सरासरी तिथेच कोसळते.

२.५ हा आकडा ऐकायला सोपा आहे. एक सेमिस्टर मांडून पाहा: इंग्रजी ३ क्रेडिट बी, इतिहास ३ क्रेडिट बी, गणित ३ क्रेडिट सी, प्रयोगशाळेसह जीवशास्त्र ४ क्रेडिट सी. दोन बी, दोन सी, म्हणजे बरोबर २.५ असं वाटतं. पण दर क्रेडिटला बीचे ३ आणि सीचे २ धरले, की गुण होतात ९, ९, ६ आणि ८, एकूण ३२, क्रेडिट १३, भागाकार २.४६. चार क्रेडिटचा सी तीन क्रेडिटच्या बीपेक्षा जड पडला. याच सेमिस्टरमध्ये गणितात बी मिळाला असता तर आकडा २.६९ झाला असता. म्हणून जीपीए अंदाजाने धरू नये. दर सेमिस्टरला क्रेडिटसकट कागदावर काढावा.

डी ग्रेडचा सापळा याहून वाईट. बरीच विद्यापीठं डी मिळालेला कोर्स क्रेडिट म्हणून घेत नाहीत. तरीही तो कोर्स एरवी ट्रान्सफर होणारा असेल, तर त्याची ग्रेड जीपीएच्या हिशेबात धरली जाते. म्हणजे क्रेडिट शून्य आणि सरासरी खाली, असा दुहेरी फटका.

पायरी ३: चार वर्षांच्या कॉलेजातून जात असाल तर टक्के मोजा

डिव्हिजन १ चं मोजमाप ढोबळपणे असं आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला २४ सेमिस्टर क्रेडिट पूर्ण हवीत. तिसरं वर्ष सुरू होताना निवडलेल्या पदवीची ४० टक्के, चौथं सुरू होताना ६० टक्के आणि पाचवं सुरू होताना ८० टक्के क्रेडिट पूर्ण हवीत. शिवाय दर पूर्णवेळ सेमिस्टरला किमान ६ आणि फॉल-स्प्रिंग (वर्षाची दोन मुख्य सत्रं, ऑगस्टच्या सुमाराला आणि जानेवारीत सुरू होणारी) मिळून १८ क्रेडिट. या १८ मध्ये उन्हाळी कोर्स चालत नाहीत. टक्केवारी भरून काढायला मात्र चालतात. पदवीसाठी २.० जीपीए लागत असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १.८, तिसऱ्याच्या १.९ आणि त्यापुढे २.०. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तिसऱ्या वर्षाआधी जाहीर केलेलं असलं पाहिजे.

आता बदलीचं गणित. समजा, दोन वर्षांत तुम्ही ६० क्रेडिट मिळवली. नव्या विद्यापीठाने ५२ स्वीकारली. तुम्हाला तिथे १२० क्रेडिटचं बिझनेसचं मेजर घ्यायचं आहे. त्या मेजरच्या आराखड्यात ५२ पैकी फक्त ४४ बसतात. उरलेली ८ 'इलेक्टिव्ह' (ऐच्छिक) म्हणून जमा झाली आणि आराखड्यात मोकळ्या इलेक्टिव्हला जागा नाही. ४४ भागिले १२० म्हणजे ३६.७ टक्के. हवेत ४० टक्के, म्हणजे ४८ क्रेडिट. जीपीए ३.५ असला तरी तुम्ही फॉलमध्ये खेळू शकत नाही.

यावर तीन उपाय असतात आणि तिन्ही बदलीपूर्वीच करायचे असतात. पहिला, उन्हाळ्यात त्याच मेजरला लागू होणारे दोन कोर्स करून ४ ऐवजी ६ क्रेडिट जोडणं. घासून जाण्यापेक्षा दोन क्रेडिट वर असलेली बरी. दुसरा, ज्यात जास्त क्रेडिट बसतात असं मेजर घेणं. संघांचे ॲडव्हायजर हाच उपाय आधी सुचवतात, कारण त्यांना तो सोपा पडतो. पण इंजिनिअरिंग सोडून 'जनरल स्टडीज'ची पदवी घेऊन बाहेर पडणं परवडेल का, हे घरच्यांनी ठरवावं. तिसरा, नकार मिळालेल्या कोर्सचा सिलॅबस संबंधित विभागाला पाठवून फेरविचार मागणं. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा मूळ सिलॅबस पीडीएफ करून जपून ठेवावा. जुन्या कॉलेजातला ईमेल बंद झाला की तो मिळवताना नाकी नऊ येतात.

इंजिनिअरिंग, नर्सिंग, आर्किटेक्चरसारख्या पदव्या बहुधा १२० च्या वर असतात. १२८ क्रेडिटच्या पदवीचे ४० टक्के ५१.२ होतात, म्हणजे प्रत्यक्षात ५२ क्रेडिट. क्वार्टर पद्धतीच्या (सहामाहीऐवजी तिमाही सत्रं असलेल्या) विद्यापीठातून सेमिस्टर पद्धतीत जाताना तर आधी क्रेडिटला दोन-तृतीयांशाने गुणावं लागतं: ९० क्वार्टर क्रेडिट म्हणजे ६० सेमिस्टर क्रेडिट. हे विसरून ९० चा आकडा धरून बसलेली मुलं दरवर्षी निघतात.

आणखी एक नेहमीची चूक स्प्रिंग सेमिस्टरच्या शेवटी होते. जायचं ठरलं की अभ्यासातलं लक्ष उडतं, फायनल बुडतात आणि त्या सेमिस्टरची ६ क्रेडिट भरत नाहीत. तिथेच जुन्या कॉलेजातली पात्रता जाते आणि ती उणीव तुमच्याबरोबर नव्या कॉलेजात येते.

पायरी ४: भारतात कॉलेज केलं असेल तर घड्याळ तपासा

पुणे-मुंबई-नागपूरहून टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्स किंवा गोल्फसाठी जाणाऱ्यांचा समज असतो की एनसीएएचं घड्याळ अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर सुरू होतं. तसं नाही. डिव्हिजन १ मधली पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुदत जगातल्या कोणत्याही कॉलेजात पूर्णवेळ शिकायला लागल्या दिवसापासून मोजत आले आहेत. या नियमावर अलीकडे कोर्टात बरेच वाद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू दिएगो पाविया याला कोर्टाने दिलासा दिल्यावर तिथल्या ज्युनिअर कॉलेजातून (म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातून) आलेल्या काही खेळाडूंना एनसीएएने एका हंगामाची सवलतही दिली. म्हणून मुदतीचा चालू नियम कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम पाळले जातात का हे पाहणारं कार्यालय) लेखी घ्यावा. वर्षभरापूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नये.

समजा, तुम्ही दोन वर्षं बी.कॉम. करून अमेरिकेत दाखल झालात. एनसीएएच्या लेखी तुम्ही नवखे नसून बदली होऊन आलेले, तिसऱ्या वर्षात पाऊल टाकणारे आहात. म्हणजे पहिल्याच दिवशी ४० टक्क्यांची अट. विद्यापीठाने तुमच्या बी.कॉम.ची ३० च क्रेडिट लागू केली तर १२० च्या हिशेबात २५ टक्के होतात आणि गाडी फलाटावरच उभी राहते. जायचं नक्की असेल तर बारावीनंतर थेट जावं; 'तोवर एक वर्ष इथे करून घेऊ' हा सल्ला खेळाडूला महाग पडतो.

कागदपत्रांत नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, आणि मूळ मराठीत असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. आपल्याकडची अकरावी-बारावी 'ज्युनिअर कॉलेज'मध्ये होते. अमेरिकेत त्याच नावाने दोन वर्षांचं कॉलेज ओळखतात. फॉर्मवर ती उच्च माध्यमिक शाळा म्हणूनच लिहावी, नाहीतर तुमची नोंद भलत्याच रांगेत जाते. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट परीक्षा विभागाकडून थेट पाठवावी लागते आणि अनेक अमेरिकन विद्यापीठं डब्ल्यूईएससारख्या, परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या संस्थेचं कोर्सनिहाय मूल्यमापन मागतात. त्यात विषयवार क्रेडिट दिसतात. नुसत्या पदवीच्या समतुल्यतेचा स्वस्त अहवाल इथे कामाचा नाही.

पायरी ५: पोर्टलमध्ये नाव देण्याआधी लेखी उत्तरं मिळवा

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची ऑनलाइन यादी, ऑक्टोबर २०१८ पासून आहे. डिव्हिजन १ मध्ये तुम्ही लेखी मागणी केली आणि ठरलेलं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं, की कंप्लायन्स ऑफिसने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव टाकायचं असतं. प्रत्येक खेळाची खिडकी, म्हणजे नाव देण्याचा काळ, वेगळी असते आणि ती आखडत चालली आहे. वरच्या स्तरावरच्या फुटबॉलची २०२६ ची खिडकी २ ते १६ जानेवारी एवढीच होती. खिडकीत नाव पडलं पाहिजे. नवं कॉलेज त्यानंतरही ठरवता येतं.

नाव पडल्यावर दुसऱ्या कॉलेजचे कोच तुमच्याशी बोलू शकतात, पण त्याच वेळी जुनं कॉलेज चालू सेमिस्टर संपताच तुमची स्कॉलरशिप कमी किंवा बंद करू शकतं. परत घेतीलच याची हमी नाही. त्यामुळे आधी घरी हिशेब, मग पोर्टल.

नव्या कॉलेजशी बोलणं सुरू झालं की कोचशी फोन पुरेसा नाही. अनौपचारिक ट्रान्स्क्रिप्ट पाठवून ईमेलवर तीन गोष्टी मागाव्यात: माझी किती क्रेडिट घेतली जातील, अमुक मेजरमध्ये त्यांतली किती लागू होतील (डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीचं काय झालं आणि काय उरलं याच्या तक्त्यासह), आणि त्यावरून फॉलमध्ये मी टक्केवारीत बसतो का. पहिलं उत्तर रजिस्ट्रारकडून, दुसरं विभागाच्या ॲडव्हायजरकडून, तिसरं कंप्लायन्सकडून येतं. एकच माणूस तिन्हींचं 'काळजी करू नका' असं उत्तर देत असेल तर काळजी करावी. अपात्रतेतून सूट मागायची वेळ आलीच तर तो अर्ज विद्यापीठ करतं, खेळाडू नाही.

डिव्हिजन २ मध्ये दर सेमिस्टरला ९ आणि वर्षाला २४ क्रेडिट लागतात. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते आणि मुख्य प्रश्न एकच असतो: जुन्याच कॉलेजात राहिला असतात तर तिथे पात्र होता का? एनएआयए ही कॉलेज खेळांची दुसरी संघटना, तिचं पात्रता केंद्र वेगळं आहे; तिथे मागच्या दोन सेमिस्टरमध्ये मिळून २४ क्रेडिट पाहतात.

पायरी ६: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर दुसरी बदलीही वेळेत करा

खेळाची बदली पोर्टलमध्ये होते, व्हिसाची सेविस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत. जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून 'ट्रान्सफर रिलीज'ची तारीख ठरवून घ्यावी, नव्या कॉलेजकडून नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) घ्यावा. पुढच्या उपलब्ध सत्रात आणि पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू व्हावा लागतो. कोर्स सुरू झाल्यापासून १५ दिवसांत नव्या कार्यालयात नोंदणी करावी. रिलीजची तारीख उलटल्यावर निर्णय फिरवायचा तर जुनं कॉलेज काही करू शकत नाही, म्हणून प्रवेशपत्र आणि पायरी ५ ची तिन्ही उत्तरं हातात आल्यावरच तारीख द्यावी.

सेमिस्टरच्या मध्यावर अवघड कोर्स सोडून १२ वरून ९ क्रेडिटवर येणं एफ-१ वाल्याला दोन्हीकडून नडतं: सराव-सामन्याची पात्रता जाते आणि व्हिसाचा दर्जाही धोक्यात येतो. पूर्णवेळाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिट धरली जातात. ४० टक्के गाठायला ऑनलाइन कोर्स घेताना हे आधी पाहावं.

जून २०२५ मधल्या एनसीएएविरुद्धच्या 'हाऊस' खटल्याच्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि बदलीच्या बोलण्यात तो आकडाही येतो. एफ-१ वर परवानगीशिवाय काम करता येत नाही. करार आला तर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवावा. 'इथली बाकीची मुलं घेतात' हे कोचचं उत्तर अमेरिकन नागरिकांपुरतं खरं असतं.