मुलाच्या दम्याची नोंद आणि काळजी : मोबाइल कसा वापरावा

दमा असलेल्या मुलाला तपासणीसाठी नेले की डॉक्टर हमखास दोन गोष्टी विचारतात : गेल्या महिनाभरात खोकल्याने किती रात्री झोपमोड झाली, आणि तातडीचा पंप (श्वासावाटे औषध देणारा इनहेलर) किती वेळा द्यावा लागला? बहुतेक घरांतून ‘अधूनमधून’ एवढेच उत्तर मिळते. औषधाची मात्रा वाढवायची, तीच ठेवायची की कमी करायची हे बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरत असल्यामुळे ते नेमके देता येणे फार महत्त्वाचे असते. मोबाइलचा खरा उपयोग इथे आहे. त्याने दमा बरा होत नाही. मात्र आठवण करून देणे, नोंद ठेवणे आणि डॉक्टरांना दाखवण्याजोगा पुरावा जपणे ही तीन कामे तो उत्तम करतो, आणि त्यासाठी महागडे ॲप लागतेच असे नाही.

कोणतेही ॲप उतरवून घेण्याआधी डॉक्टरांकडून लेखी कृती आराखडा मागून घ्यावा. मूल बरे असताना रोज कोणते औषध द्यायचे, सर्दी-खोकला सुरू झाल्यावर काय वाढवायचे आणि कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठायचे, हे त्यात हिरव्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन भागांत लिहिलेले असते. त्याचा स्पष्ट फोटो काढून आजी-आजोबा, वर्गशिक्षिका आणि शाळेच्या व्हॅनचे चालक यांना पाठवावा, घरच्या व्हॉट्सॲप गटात तो वर पिन करून ठेवावा आणि फोटोवर तारीख दिसेल याची काळजी घ्यावी. आराखडा बदलला की जुना फोटो सगळीकडून काढून टाकावा. चुकीच्या मात्रेचा जुना कागद हाती लागण्यापेक्षा कागद नसलेला बरा. मूळ प्रत फ्रिजवर चिकटवलेली असू द्यावी, कारण फोनची बॅटरी आपली अडचण पाहून संपत नसते.

दम्याची औषधे दोन प्रकारची असतात. साल्ब्युटामॉलचा पंप, म्हणजेच तातडीचा पंप, जो बहुधा निळा असतो, काही मिनिटांत आराम देतो. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखे औषध श्वासनलिकांची आतली सूज हळूहळू उतरवते आणि ते रोज घ्यावे लागते. विसरले जाते ते नेमके दुसरे, कारण मूल खेळत-बागडत असताना औषधाची आठवण कोणालाच होत नाही. त्यामुळे सकाळी आणि रात्री दात घासण्याच्या वेळेआधी गजर लावावा. या औषधानंतर चूळ भरणे आवश्यक असते, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि ब्रशच्या वेळेशी जोडले की ते आपोआप साधते. ज्याने प्रत्यक्ष औषध दिले त्यानेच गजर बंद करायचा, एवढा नियम घरात पाळावा. पंप संपण्याचाही गजर हवा. १२० मात्रांचा पंप सकाळी दोन आणि रात्री दोन असा वापरला तर बरोबर ३० दिवस पुरतो, म्हणून नवा पंप उघडल्याच्या दिवशीच तेविसाव्या दिवसाची आठवण लावून ठेवावी. डबी पाण्यात तरंगते का, हे पाहून उरलेले औषध ओळखण्याची पद्धत भरवशाची नाही.

माझ्या मते फोनचा सर्वात मोलाचा भाग म्हणजे कॅमेरा. औषध नियमित देऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर अनेकदा दोष औषधाचा नसून ते देण्याच्या पद्धतीचा असतो आणि तो घरच्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून औषध देतानाचा पूर्ण व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. त्यात पुढील गोष्टी दिसल्या पाहिजेत : पंप हलवला, तो उभा धरून स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळीला) जोडला, लहान मुलाच्या नाका-तोंडावर मास्क फट न राहता बसला, एका वेळी एकच फवारा दिला, मुलाने पाच-सहा शांत श्वास घेतले, आणि दुसऱ्या फवाऱ्यापूर्वी थोडे थांबून पंप पुन्हा हलवला. मूल रडत असेल तर औषध फुप्फुसांपर्यंत फारच कमी पोहोचते. प्लॅस्टिकचा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास आतल्या बाजूला स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच चिकटून राहते.

दुसरा व्हिडिओ त्रासाचा. रात्री घरघरणारे मूल सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत टवटवीत झालेले असते, हा अनुभव बहुतेक पालकांना असतो. अशा वेळी मुलाचा सदरा वर करून, दिवा लावून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे अर्धा-एक मिनिट चित्रण करावे आणि आवाजही येऊ द्यावा. फासळ्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा आत ओढली जाते का, हे त्यावरून डॉक्टरांना कळते. मूल शांत असताना स्टॉपवॉच लावून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वासाचा वेग वाढलेला आहे. अर्थात धाप लागली असेल तर आधी औषध, चित्रण नंतर, तेही दुसऱ्या कोणी करावे.

दैनंदिन नोंदीसाठी फोनमधली साधी वही पुरते. दिवसा खोकला किंवा घरघर झाली का, रात्री जाग आली का, तातडीचा पंप लागला का आणि खेळणे थांबवावे लागले का, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. सहा वर्षे आणि त्यापुढील मुलाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा, किंवा त्याहून लहान मुलाला एकापेक्षा जास्त वेळा तातडीचा पंप लागत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. पाच-सहा वर्षांपुढील मुलांना पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात बाहेर पडते हे मोजणारे छोटे उपकरण, वापरता येतो. तीनदा फुंकून सर्वात मोठा आकडा लिहावा. मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० मध्ये पिवळा आणि ५० च्या खाली लाल भाग मानतात. ॲप वापरायचेच असेल तर नोंदी बाहेर काढून डॉक्टरांना पाठवता येणारे निवडावे. परस्पर मात्रा बदलायला सांगणारे किंवा दमा मुळापासून घालवण्याची हमी देणारे ॲप लगेच काढून टाकावे.

हवेची स्थिती पाहण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप आहे, आणि पुण्या-मुंबईच्या रहिवाशांना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘सफर’ ठाऊक असेल. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या पुढे गेला की हवा ‘खराब’ गटात मोडते. अशा दिवशी मैदानावरची धावपळ कमी करावी. पण हा आकडा मोजणी केंद्राभोवतीच्या हवेचा असतो. डासांची कॉइल, देवघरातली उदबत्ती, चुलीचा धूर, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल आणि बुरशी यांची दखल कोणतेही ॲप घेत नाही, आणि मुलांमध्ये दमा उसळण्याचे सर्वात नेहमीचे कारण असलेली सर्दी तर त्यात मुळीच दिसत नाही. म्हणून निर्देशांक आणि घरातली कारणे दोन्ही त्याच वहीत लिहावीत. काही महिन्यांत आपल्या मुलाला नेमके काय सोसत नाही हे दिसू लागते, आणि मग सरसकट सगळे खेळ बंद करण्याची वेळ येत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नये; बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वेगळा घ्यावा. ई-संजीवनीसारखा दूरसल्ला नियमित पाठपुराव्यासाठी सोयीचा आहे, ऐन झटक्यात नाही. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, फासळ्या खोल ओढल्या जात असतील, ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली गेला असेल, मूल गळून पडले असेल किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करावा. आवाज स्पीकरवर ठेवून मुलाला बसते धरावे, आराखड्यात लिहिल्याप्रमाणे स्पेसरमधून औषध देत राहावे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला रुग्णवाहिकेची वाट दाखवण्यासाठी रस्त्यावर उभे करावे.