क्लिंगॉनची माझी देवनागरी वही

‘स्टार ट्रेक’ या अवकाशकथांमधल्या लढवय्या क्लिंगॉन जमातीची भाषा शिकायला घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी मी एक शहाणपणा केला. रोमन अक्षरं दिसली की तोंडात इंग्रजी उच्चार येतात, म्हणून सगळे शब्द वहीत देवनागरीत उतरवून घेतले. दीडेक महिन्याने एका जुन्या जाणत्याला माझं ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यात ‘मी ते पाहतो’ हे वाक्य पाच-सहा वेळा होतं. त्यांचं उत्तर आलं : “तुमच्याबरोबर आणखी कोण कोण असतं?”

झालं असं, की ‘मी’ कर्ता आणि ‘ते’ कर्म असेल तर क्रियापदाआधी ‘वि’ लागतो, रोमन व्हीचा. ‘आम्ही’ कर्ता असेल तरीही ‘वि’च, पण डब्ल्यूचा. माझ्या वहीत दोन्ही ‘विलेग़’! मराठीत ‘व’ एकच असल्यामुळे हा फरक आपल्या कानाला लवकर कळत नाही. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर बसून करा, लाजू नका.

‘स्टार ट्रेक’मधली ही भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४च्या चित्रपटासाठी रचली, १९८५मध्ये तिचा शब्दकोश आला. त्यांचा पीएचडीचा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या भाषेच्या व्याकरणावर होता, त्यामुळे इंग्रजीच्या चौकटीबाहेरचं त्यांना ठाऊक होतं. रोमन लिपीत त्यांनी एक युक्ती केली. मोठं अक्षर वाक्य सुरू झालं म्हणून येत नाही, ते वेगळा उच्चार सांगतं. मोठा डी म्हणजे आपला ड, मोठा एस म्हणजे ष. इंग्रजी बोलणारे या दोन ध्वनींवर घाम गाळतात, आपल्याला ते फुकट मिळतात. अर्थात ष खरोखर मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून, म्हणत असाल तर. श आणि ष एकाच मापाने मोजणाऱ्यांनी आधी शाळेतला ‘षट्कोन’ नीट म्हणावा.

छोटा क्यू आणि मोठा क्यू हे मात्र दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि माझ्या वहीत दोन्हींसाठी ‘क़’ होता. छोट्याला जीभ पडजिभेपाशी टेकवून सोडायची. मोठ्याला तिथेच सोडताना घसा खरवडायचा. छोट्याने ‘क़िप’ म्हणजे फटका मारणं, मोठ्याने तेच म्हणजे मूर्ख असणं. साधा क या भाषेत नाहीच, द आणि ग सुद्धा नाहीत.

आणखी काही सापळे खास मराठी माणसासाठी आहेत. ‘चाल’ म्हणजे आकाश, पण आपण सवयीने ‘चाक’मधला च लावतो; हवा आहे ‘चार’मधला. ‘जाज’ म्हणजे दिवस, यातले दोन्ही ज ‘जीव’मधले, ‘जागा’मधले नव्हेत. आपला प कोरडा, त्यांच्या पला श्वासाचा झोत लागतो. ङ आपण ‘वाङ्मय’पुरता ठेवलाय, इथे तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. भाषेच्या नावातच, ‘त्ल्हिङान ख़ोल’मध्ये, दोन अडचणी एकदम येतात. ‘त्ल्ह’साठी जीभ तच्या जागी टेकवून हवा जिभेच्या दोन्ही कडांनी बाहेर सोडायची. पहिला आठवडा थुंकी उडते, ते बरोबरच आहे. शब्दात जिथे ’ दिसेल तिथे घसा क्षणभर बंद करायचा. तोंड न उघडता नकार देताना आपण ‘उं-उं’ करतो, त्या दोन उंमध्ये बसतो तसाच हा झटका.

व्याकरणात आपली चैन आहे, पण क्रम सोडून. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘पुक़ लेग़ याष’ म्हणजे अधिकारी मुलाला पाहतो. ‘याष लेग़ पुक़’ म्हणजे मूल अधिकाऱ्याला पाहतं. मराठीत ‘ला’ असतो म्हणून शब्द कसेही फिरवले तरी चालतं. इथे कर्माला प्रत्यय नाही, जागा चुकली की अर्थ उलटला.

बाकी प्रत्यय मात्र ओळखीचे वाटतात. ‘जुख़’ म्हणजे घर. जुख़डाक़ म्हणजे घरात, जुख़वो’ म्हणजे घरातून, जुख़मो’ म्हणजे घरामुळे, जुख़वाड म्हणजे घरासाठी. इंग्रजी पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची पडलीत, मी एका संध्याकाळीत संपवलं. विशेषण म्हणून वेगळी जात नाही, ‘मोठं असणं’ हे क्रियापदच आहे : ‘जुख़ तिन’ म्हणजे मोठं घर, ‘तिन जुख़’ म्हणजे घर मोठं आहे. आपल्या नेमकं उलट, त्यामुळे पटकन लक्षात राहतं.

शब्द पाठ करण्याआधी क्रियापदाचे उपसर्ग घोटा, कारण कर्ता-कर्माची जोडी एकाच अक्षरसमूहात असते : क़ालेग़ म्हणजे मी तुला पाहतो, चोलेग़ म्हणजे तू मला पाहतोस, मुलेग़ म्हणजे तो मला पाहतो. मागे लागणाऱ्या प्रत्ययांचे नऊ गट, त्यांचा क्रम पक्का. नकाराचा ‘बे’’ मात्र फिरता आहे, तो ज्याच्या मागे बसेल ते नाकारतो. चोलेग़विपबे’ म्हणजे तू मला पाहायला घाबरत नाहीस. चोलेग़बे’विप म्हणजे मला न पाहण्याची तुला भीती वाटते. हा भीतीचा ‘विप’ ‘मी’ किंवा ‘आम्ही’बरोबर सहसा वापरत नाहीत. व्याकरणाला हरकत नसते, क्लिंगॉन माणसाला असते.

काळ नाहीत. काल, परवा, उद्या हे शब्द वेगळे ठेवायचे आणि क्रिया पूर्ण झाली की चालू आहे एवढंच क्रियापदाला सांगायचं.

नवे शब्द स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. ओक्रँडकडून आलेलाच शब्द चालतो, ही जाणत्यांची शिस्त आहे. अडलं की आहे त्या शब्दांत फिरवून सांगायचं, आणि सरावाला ते उत्तमच.

वही मी दुसरी केली, रोमनमध्ये. पहिल्या पानावर ड, ष, ङ एवढेच देवनागरीत. मग त्या जाणत्यांना आभाराचं वाक्य पाठवलं : ‘क़ात्ल्हो’, जुपविज’. तुमचे आभार, माझ्या मित्रा. ‘माझा’साठी दोन प्रत्यय आहेत, बोलू शकणाऱ्यांसाठी ‘वि’’ आणि बाकी सगळ्यासाठी ‘विज’, हे मी वाचलं होतं. मित्राला ‘विज’ लावणं जवळजवळ शिवीत जमा होतं, हेही वाचलं होतं. त्यांनी लिहिलं : “उच्चार आता चांगला झालाय. आभार पोचले. मी बोलू शकतो.”