नाताळ ते रथसप्तमी : सोसायटीच्या कचऱ्याची तयारी

नाताळच्या आठवड्यापासून रथसप्तमीपर्यंत पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एकामागून एक कार्यक्रम लागलेले असतात. मुलांचं सिक्रेट सांता, एकतीस डिसेंबरची गच्चीवरची पार्टी, भोगी, बोरनहाण, घरोघरचं हळदीकुंकू. उत्साह सगळ्यांचा असतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या खोलीत उभ्या राहतात त्या कचरा न्यायला येणाऱ्या एक-दोन बायका. आमटीत भिजलेल्या कागदी प्लेटा, त्यात अडकलेला चमचा आणि खाली कुठेतरी फुटलेली बाटली, हे सगळं त्या हातांनी वेगळं करतात. ही वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून करायची तयारी कार्यक्रमाच्या आधीची आहे आणि ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवी.

सुरुवात त्यांच्याशी बोलण्यापासून करा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार कचरा गोळा करतात, आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना सेक्रेटरींनी किंवा कमिटीतल्या कुणीतरी निवांत बसून विचारावं : पंचवीस डिसेंबरला आणि एक जानेवारीला येणार का, किती वाजता, जादा पोती लागतील का, आणि आपल्याकडच्या कोणत्या वस्तू भंगारात जातात, कोणत्या जात नाहीत. पुठ्ठा, काचेच्या अख्ख्या बाटल्या, पत्र्याचे डबे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या यांना भाव मिळतो. चकचकीत कागद, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं, खरकटे कागदी कप सहसा कुणी घेत नाही. ही माहिती खरेदीला निघण्याआधी हातात असली की निम्मं काम झालं. त्या दिवसांत जास्तीचं काम पडणार असेल तर त्याचे पैसे किती द्यायचे तेही तेव्हाच ठरवा आणि कार्यक्रमाच्या खर्चात धरा. जेवणाला, डीजेला पैसे निघतात, मग याला का निघू नयेत?

आता खरेदी. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर २०१८ पासूनच होती. तरी मंडईजवळच्या दुकानात गेलात तर काही ना काही पुढे केलं जातंच, म्हणून खरेदीची यादी करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा. कागदी कपही निर्धोक नाहीत, त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. ‘कंपोस्ट होणारं’ असं छापलेल्या पिशव्या आणि चमच्यांपैकी बरेच मोठ्या खतप्रकल्पाच्या उष्णतेतच कुजतात, सोसायटीच्या खतखड्ड्यात वर्षभर तसेच दिसत राहतात. सुपारीच्या पानाच्या ताटल्या आणि पत्रावळी चालतील, फक्त टाकण्याआधी त्यांचे तुकडे करावे लागतात.

माझं मत विचाराल तर सोसायटीने स्टीलची ताटं, वाट्या आणि पेले एकदाच विकत घ्यावेत. तोवर मांडववाल्याकडून भाड्याने आणा. आणण्याआधी मात्र घासणार कोण ते नक्की करा, कारण स्टीलचा बेत नेहमी याच प्रश्नावर अडतो. घासायला माणूस ठरवा, त्याचे पैसे ठरवा, गच्चीवर पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहा आणि खरकटं झटकायला नळाशेजारीच एक मोठी बादली ठेवा.

सजावटीचं नवीन सामान आणण्याआधी माळ्यावरची खोकी उघडा. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, आकाशकंदील, गणपतीत वापरलेलं कापड, यातून नाताळचं बरंच निभावतं. बंद पडलेल्या माळा आणि संपलेले सेल सुक्या कचऱ्यात टाकू नका. त्यासाठी लिफ्टजवळ एक वेगळं खोकं ठेवा आणि भरलं की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पाठवा. भेटवस्तूंच्या कागदाची पारख सोपी आहे : मुठीत चुरगाळून सोडा. उलगडून पुन्हा पसरला तर त्यात प्लास्टिक आहे, रद्दीवाला घेणार नाही. मुलांना जुनं वर्तमानपत्र, रंगीत दोरा किंवा ओढणीचा तुकडा दिला तर ती त्यातून सुंदर गुंडाळणी करतात. पार्सलची खोकी चिकटपट्टी काढून, चपटी करून कोरड्या जागी रचा. ओला झालेला पुठ्ठा मातीमोल होतो.

एकतीसच्या रात्रीसाठी सगळ्यात जास्त विचार डब्यांचा करायचा. गच्चीवर कोपऱ्याकोपऱ्यात डबे ठेवले की कुणीही कुठेही काहीही टाकतं, म्हणून एकच ठिकाण ठेवा, जेवणाच्या टेबलाहून उठून जाताना वाटेत येईल असं, भरपूर उजेडातलं. तिथे खरकट्याची बादली, सुक्याचं पोतं आणि बाटल्यांचे क्रेट एका ओळीत. वर नुसती पाटी लावून भागत नाही, जेवणाच्या तासाभरात तिथे माणूस उभा हवा. नववी-दहावीतल्या मुलामुलींना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या द्या. ‘काका, चमचा इकडे’ असं त्यांनी म्हटलं की कुणी वाद घालत नाही. बाटल्या अख्ख्या, उभ्या, क्रेटमध्येच ठेवायच्या. एखादी फुटली तर तुकडे जाड कागदात गुंडाळून, दोरा बांधून, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहून वेगळे द्यायचे. घरी पाहुण्यांबरोबर बाळं येतात, त्यांचे डायपरही कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या. पुण्यात ही खूण कचरावेचकांना ओळखीची आहे.

केटररला आकडा देताना ‘अंदाजे’ देऊ नका. एकोणतीस तारखेपर्यंत फ्लॅटनिहाय नावं घ्या, आणि त्या रात्री बाहेर जाणारे तरुण घरागणिक वजा करा. उरलेलं अन्न नेणारी संस्था आधीच ठरवून ठेवा, मध्यरात्री फोन लावून कुणी मिळत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहिलेलं नको, म्हणून भात-भाजी सगळी एकदम न मांडता मागे झाकून, गरम ठेवा.

वॉचमनची शेकोटी या यादीत कुणी लिहीत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं रात्रीचं तापमान दहा अंशांखाली उतरतं, गेटवरचा माणूस कुडकुडतो आणि हाताशी येईल ते जाळतो : पुठ्ठे, त्यांच्यावरची चिकटपट्टी, थर्माकोल, झाडलेला पालापाचोळा. तो धूर पहिल्यांदा त्याच्याच छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दंड ठरवला, साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. पण दंडाची भीती घालून त्या माणसाची थंडी जात नाही. त्याला चांगलं जॅकेट, कानटोपी आणि केबिनला नीट लागणारं दार द्या, रात्री चहाचा थर्मास भरून द्या. डिसेंबरच्या खर्चात हे पहिल्या ओळीत लिहा.

तो पालापाचोळा जाळायचा नाहीच, पोत्यांत भरून ठेवायचा. थंडीत खतखड्ड्याची गती मंदावते आणि नेमका याच दिवसांत ओला कचरा वाढतो. मटारचा मोसम असतो, दर घरातून टरफलांच्या पिशव्या निघतात. शिवाय संत्र्यांची सालं, मेथी-पालकाचे देठ, भोगीच्या भाजीसाठी सोललेले पावटे आणि हरभऱ्याची डहाळी. टरफलं अख्खी टाकली की थर बसतो, हवा खेळत नाही, आणि वास सुटतो. विळीवर जाडसर चिरून टाका, प्रत्येक थरावर सुक्या पानांचा तितकाच जाड थर द्या, आठवड्यातून दोनदा खालीवर करा, वरून झाकण ठेवा. रस्सा, आमटी, ताक खड्ड्यात ओतायचं नाही. उसाची चिपाडं कुजायला वेळ घेतात, ती कोयत्याने बारीक करून तळाशी पसरली तर खालून हवा मिळते.

संक्रांतीची तयारी नाताळातच बोलून ठेवावी, कारण वाणाची खरेदी जानेवारीच्या सुरुवातीला घाऊक बाजारात होऊन जाते. प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणदाण्या एकेका घरात दहा-बारा जमतात आणि मार्चपर्यंत त्यातल्या बऱ्याच भंगारात येतात. महिला मंडळाच्या बैठकीत विषय काढा. वाण म्हणून मूठभर धणे-जिरे, गुळाची छोटी ढेप, कापडी पिशवी, तुळशीचं किंवा गवती चहाचं रोप, यात कमीपणा काहीच नाही, आणि प्रत्येकीने वेगळं आणायचं ठरवलं तर गंमतही राहते. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचं न वापरलेलं वाण पडून आहे त्यांनी ते एका टेबलावर मांडावं, हवं त्याने न्यावं. सुगडं खतखड्ड्यात टाकू नका, भाजलेली माती कुजत नाही. तळाला भोक पाडून त्यात कोथिंबीर-मेथी पेरता येते, किंवा फोडून कुंडीच्या तळाशी घालता येतात.

पतंगाचा मांजा सुतीच आणायचा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन गच्ची, कठडे आणि हाताला येतील तेवढ्या फांद्यांवरचा तुटका मांजा गोळा करा, बोटांना जाड हातमोजे घालून. तो लहान तुकडे करून पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करूनच द्यायचा, सुटा दिला तर वेचणाऱ्याचा हात कापतो.

रथसप्तमी झाली की ताटं, वाट्या, पेले मोजून कपाटात ठेवा. माळा गुंडाळून खोक्यांवर नावं लिहा. कोणती गोष्ट जास्त आणली गेली आणि कोणती कमी पडली ते रजिस्टरमध्ये टिपून ठेवा. आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरींच्या घरी न ठेवता वॉचमनच्या केबिनमध्ये टांगा, म्हणजे पुढच्या वाढदिवसाला कुणालाही ताटं न विचारता नेता येतील.